दऱ्याकाठचं आजोळ

आमच्या वाडीत दिशा दोनच होत्या, वर आणि खाली. पूर्व-पश्चिम ही नावं मला शाळेत गेल्यावर कळली, आणि तीही नकाशापुरतीच राहिली. वर म्हणजे घोडेगाव, मंचर, जुन्नर, जिथे कचेऱ्या आणि मोठे बाजार. खाली म्हणजे कोकण. आहुप्याच्या देवराईच्या अलीकडे आमची दहा-बारा घरं, आणि घरांपुढे भाताची खाचरं संपली की जमीनच संपायची. तिथून सरळ कडा. कड्याच्या टोकाला पालथं पडून डोकं बाहेर काढलं की खाली कोकणातली झाडं शेवाळासारखी दिसायची. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा उलटं वर फेकायचा, अंगणात उभं राहिलं तर ते तोंडावर यायचं, आणि म्हातारी माणसं म्हणायची, आज खालचं पाणी वर आलं. आमच्यात कुणी 'कोकणात गेला' असं म्हणत नसे. 'खाली गेला' म्हणत. मीठ, सुकट, बोंबील, गोडं तेल, मुलींना स्थळं, सगळं खालून यायचं. आमचा हिरडा खाली जायचा. खालच्या माणसांबद्दल आमच्या लोकांचं एक ठरलेलं मत होतं. ती बोलायला मऊ, पण मीठ मापताना हात आखडता. खालची माणसं आमच्याबद्दल काय म्हणत असतील, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

माझी आई खालची होती. वाडीत तिचं नाव चांगुणा, पण सगळ्या बायका तिला 'खालची' म्हणत. त्यात टोमणा किती आणि माया किती हे मला अजून नीट सांगता येणार नाही. तिचं बोलणं आमच्यासारखंच झालं होतं, फक्त मला हाक मारताना ती 'पोरी' न म्हणता 'बाय' म्हणायची. तेवढंच खालचं तिच्यात उरलं होतं. तेवढंच, आणि स्वयंपाक. नाचणीची भाकरी सगळ्यांच्याच घरी असायची, पण आई सुकट निखाऱ्यावर भाजून, तिच्यात हिरवी मिरची आणि चिंचेचा कोळ घालून पाट्यावर अर्धवट वाटायची. त्या वासावर शेजारचं पोर आमच्या दारात येऊन बसायचं आणि त्याला हाकलायची वेळ कधी आली नाही. सणाला वरईचा भात आणि वालाचं बिरडं. बिरडं सोलायला तिला कुणी बरोबर लागत नसे. ती एकटी बसायची, ओट्यावर, कड्याकडे पाठ करून. आमच्या घराचा ओटा कड्याकडेच तोंड करून होता, म्हणजे तिला बसताना मुद्दाम वळून बसावं लागे. हे मी लहानपणी रोज पाहिलं आणि कधी विचारलं नाही.

वाडीतल्या सगळ्या खालच्या बायका वर्षातून दोनदा तरी माहेरी उतरायच्या. आई जात नसे. आजोळ म्हणजे काय ते मला दुसऱ्यांच्या मुलांकडून ऐकून माहीत होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी एकदाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिला खालचं काय इचारीत जाऊ नगं." मी विचारलं नाही. मी मुळातच न विचारणारी मुलगी होते. पण आईच्या तोंडून तीन-चार वाक्यं कधीतरी आपोआप यायची, आणि ती मी जपून ठेवली होती. आमचं घर दऱ्याच्या काठाला होतं. दऱ्याला पाणी आलं की घरात बोललेलं ऐकू यायचं नाही. आणि एक, जे ती फार क्वचित म्हणायची: माझ्या भावाला दऱ्यानं नेलं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. डोंगरातून पावसाचं पाणी ज्या खोल घळीतून खाली धावतं, तिला आमच्या वाडीत 'व्हळ' म्हणतात. घाटाखाली त्यालाच 'दरा' म्हणतात. दऱ्याला, दऱ्यात, दऱ्यानं. नुसता 'दरा' हा शब्द आईच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, ती कायम 'दऱ्याला' आणि 'दऱ्यानं' असंच बोलायची. आणि शाळेच्या पुस्तकात समुद्राला एक शब्द होता, दर्या. दोन्ही शब्द लिहून पाहिले तर फरक दिसतो. म्हणताना फरक एवढाच की समुद्राच्या दर्यात जीभ 'र'वर क्षणभर जास्त थांबते. आईच्या बोलण्यात तेवढा क्षण नसायचा, हे माझ्या ध्यानात आलं नाही. कड्यावरून आभाळ निवळलं की पार पश्चिमेला एक चकाकती रेघ दिसायची, आणि मोठी माणसं म्हणायची, तो समिंदर. मी माझं आजोळ त्या रेघेवर नेऊन ठेवलं.

दहावीनंतर मी मंचरला शिकायला गेले. आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिली, मुलगी म्हणून नव्हे, माणूस म्हणूनच पहिली. एस.टी. तेव्हा अर्ध्या वाटेपर्यंतच यायची, पुढचं पायी. वसतिगृहात माझ्या खोलीत निरगुडसरची शैला होती. त्यांच्याकडे बागायत, विहिरीवर मोटार, घरात जुनी पितळी भांडी. ती मनाने चांगली होती पण तिला गप्प माणसाची सवय नव्हती. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "तू बोलतीस का न्हाई गं? का तुमच्याकडं बोलायला पन डोंगर चढावा लागतो?" मी हसले. खरं तर मला वर्गात कुणी काही विचारलं की मी खाली वहीत बघायचे. सगळ्या मुली आपापल्या घरचं सांगायच्या, कारखाना, द्राक्षं, पुण्याचे काका. माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी भूगोलाच्या सरांनी वर्गाला एक काम दिलं. प्रत्येकाने एक सागरी जिल्हा निवडायचा आणि त्याचा भूगोल, इतिहास आणि तिथल्या लोकांचा स्वभाव यावर निबंध लिहायचा. त्यातला उत्तम निबंध स्नेहसंमेलनात वाचला जाणार आणि कॉलेजच्या वार्षिक अंकात छापला जाणार. सगळ्यांनी पुस्तकात ज्याच्यावर जास्त पानं होती तो जिल्हा घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं की मी आमच्या कड्याखालचा घेते, तिथे माझं आजोळ आहे. सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ते शहरातून आलेले, सज्जन, विद्यार्थ्यांवर जीव असलेले गृहस्थ होते. त्यांनी आडनाव विचारलं, समाज विचारला. मी म्हटलं, कोळी. ते खूश झाले. "अरे वा. म्हणजे तुझे मामा मासेमारी करत असणार," ते म्हणाले. "पुस्तकात नसलेलं तू लिहू शकशील." आम्ही डोंगरातले कोळी. आमच्या कुठल्याच पिढीने जाळं हातात धरलं नव्हतं, खेकडे धरले ते हाताने. पण खालचे कोळी कसे असतात हे मला कुठे माहीत होतं? आजोळ दर्याच्या काठाला, मामाला दर्याने नेलेलं. मग ते मासेमारी करतच असणार, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. मी मान डोलावली. वर्गातल्या मुली वळून माझ्याकडे पाहत होत्या, आणि मला ते बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मी वाचनालयात बसून पुस्तकं चाळली. खाड्या, मिठागरं, पानवेली, किनाऱ्यावरचे कोट. फार पूर्वी बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून जुन्नरला जायचा, हे वाचताना मला आमच्या वाडीतले मीठ वाहून आणणारे लोक आठवले आणि इतिहास म्हणजे एवढंच असतं की काय असं वाटून गेलं. भरती-ओहोटी मी तीनदा वाचली. लोकांचा स्वभाव मात्र पुस्तकात सापडेना. 'कष्टाळू व काटकसरी' एवढंच सगळ्यांच्या बाबतीत लिहिलेलं. म्हणून दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा दादांचा शब्द मोडून मी आईला विचारलं.

भाताची कापणी उरकत आली होती. आई खळ्यात सुपाने भात वारवत होती. मी सांगितलं की कॉलेजात तुझ्या माहेराविषयी लिहायचंय, मामा कसा होता ते सांग. सूप थांबलं. तिने विचारलं, "लिव्हनार हायेस व्हय त्याचं? त्याच्या नावानिशी?" मी हो म्हटलं. ते छापून येईल, असंही सांगितलं. ती खाली बसली. तिच्या भावाचं नाव देवजी. शाळेत तो कधी गेला नाही, त्यामुळे त्याचं नाव कधी कुठल्या कागदावर चढलं होतं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. ती लग्नाआधीची त्याची एकेक गोष्ट सांगत गेली. पान तोंडात धरून तो पाखराचा आवाज काढायचा. हसायला लागला की बसून घ्यायचा, उभ्याने त्याला हसता येत नसे. बहिणीच्या वाट्याची खरवड खाऊन टाकायचा आणि मग करवंदं आणून द्यायचा. वाट्टेल तेवढं ओझं उचलायचा. आई बोलताना कुठेतरी वेगळीच दिसत होती, माझ्याहून थोडीशीच मोठी. मग तिने शेवटचं सांगितलं, एका दमात. श्रावणात तो घरातून निघाला, दऱ्याला उतरला, आणि दऱ्यानं त्याला नेलं. तीन दिवस शोधलं. त्याची घोंगडी सापडली, तो सापडला नाही. एवढं बोलून ती उठली आणि सूप हातात घेतलं. "चांगलं लिव्ह, बाय," ती म्हणाली.

तो कुठे निघाला होता, हे मी विचारलं नाही. होडी किती मोठी होती हेही विचारलं नाही. मला भीती वाटली की विचारलं तर तिला रडू येईल. होडी मी घातली. शीड मी घातलं. आषाढ-श्रावणात कोळी समुद्रात जात नाहीत असं पुस्तकात होतं, म्हणून माझा मामा घरात अन्न नाही म्हणून वादळाची पर्वा न करता गेला, असंही मी घातलं. तेवढ्यावरून लोकांचा स्वभावही लिहून झाला: धाडसी, घरच्यांसाठी जीव देणारे. निबंधाला नाव दिलं 'दर्याकाठचं माझं आजोळ'. लिहिताना मी रडले होते. खोटं लिहितो आहोत असं मला एकदाही वाटलं नाही. पुढे मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, आणि मुलांनी ठाम अक्षरात लिहिलेलं चुकीचं उत्तर दिसलं की माझा लाल पेन अजून जरा थांबतो.

निबंध पहिला आला. सरांनी सांगितलं की घरच्यांना बोलाव. दादांना गुरं सोडून येता येईना. आई आली, वाडीतल्या एका बाजारकरणीबरोबर, पहाटे निघून, पायी आणि मग एस.टी.ने. मंचर तिने आधी पाहिलं नव्हतं. धुवून घडी घातलेलं नऊवारी, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि सुकटीची चटणी. शैला तिला बघून पळत आली, पाया पडली आणि म्हणाली, "मावशी, तुमची पोरगी लई अभ्यास करती, आमाला दिवा मालवू देत न्हाई." आई म्हणाली, "घरी तर भात उतरायच्या आधी झोपायची ही. तुमीच काय तरी खायला घालत असाल." शैला हसत सुटली. चटणीचा वास खोलीभर झाला आणि मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण शैलाने दोन भाकरी तिथेच उभ्याने संपवल्या.

मंडपात बायकांसाठी पुढच्या दोन रांगा होत्या. आई दुसऱ्या रांगेत कडेला बसली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी कागद घेऊन वर गेले. वाचायला लागले. खाड्या, मिठागरं, घाटाने चढणारे बैल. मग आजोळ आलं. 'माझ्या आईचं घर दर्याच्या काठाला' असं मी वाचलं आणि समोर पाहिलं, तर आई मान हलवत होती. होय, असंच. मला धीर आला. देवजीचं नाव आलं तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला. पाखराचा आवाज काढणारा, हसताना बसून घेणारा. तिच्या शेजारच्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि ती ताठ बसली होती, तिच्या भावाचं नाव एवढ्या लोकांसमोर मोठ्याने घेतलं जात होतं. आणि मग होडी आली. शीड आलं. लाटा आल्या. आईची मान थांबली. तिने शेजारणीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे, जसं काही मी मध्येच दुसऱ्या कुणाच्या भावाची गोष्ट सुरू केली होती. काहीतरी चुकलंय हे मला तिथेच कळलं. काय ते कळलं नाही. थांबावं असं वाटलं, पण कागद हातात होता आणि शब्द पुढचे पुढे येत होते. मी शेवटपर्यंत वाचलं. टाळ्या बराच वेळ चालल्या.

दुपारी मी तिला एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. घोडेगावकडची गाडी यायला अवकाश होता. ती बाकावर बसली, बाजारकरीण उसाचा रस घ्यायला गेली होती. आईने रिकामं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. मग हळूच विचारलं, "दऱ्यात होडी कुठनं आली गं, बाय?"

मी म्हटलं, समुद्रात होडी नसते का?

"समिंदरात? मी समिंदर बगितला न्हाई कधी." ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, काळजीने. "आमचा दरा. तुमच्याकडं व्हळ म्हनत्यात, तसला. घरामागचा. त्याला होडी कशी जाईल?"

गाड्या येत-जात होत्या. कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. समोरच्या हॉटेलात भजी तळत होते आणि तो वास अजूनही कुठे आला तर मला तो बाक आठवतो. तिने मला दिलेली एकच गोष्ट, तिच्या भावाचं जाणं, मी पुस्तकातल्या समुद्रात नेऊन बुडवलं होतं. आई फक्त एवढंच म्हणाली, "त्येला पवायला येत नव्हतं. येवढंच." गाडी आली आणि ती चढून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीबाहेर किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी त्यांनीच आत बोलावलं. मी सगळं सांगितलं, रडत नाही पण अडखळत. ते ओरडले नाहीत. 'कोळी म्हटल्यावर मीच गृहीत धरलं', असंही त्यांनी कबूल केलं. अंक अजून छापायला गेला नव्हता. "आठ दिवस आहेत," ते म्हणाले. "खरं लिहून आण. खरं जास्त चांगलं असतं." मी त्याच दुपारी घरी निघाले. आईला म्हटलं, आता सगळं नीट सांग, मी बदलून लिहिते. ती चुलीपुढे होती. वर न बघता म्हणाली, "सांगून काय व्हतंय. उद्या खाली जाऊ. बग डोळ्यांनी." दादा ताटावरून उठले नाहीत, पण त्यांचा घास थांबला. वीस वर्षांत तिने कड्याच्या वाटेवर पाऊल ठेवलं नव्हतं.

सकाळी आम्ही उतरलो. वाट दगडांची, कुठे पायऱ्या, कुठे नुसती घसरण. आई माझ्यापेक्षा भरभर उतरत होती, पायाला वाट पाठ होती. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. ऊन पुरतं चढायच्या आत आम्ही तिथे होतो. माझ्या मनातलं आजोळ दोन दिवसांच्या वाटेवर, चकाकत्या रेघेवर होतं, आणि खरं आजोळ आमच्याच कड्याच्या पायथ्याला. आमच्या घराच्या ओट्यावरून त्याची जागा दिसत असणार. आता तिथे घर नव्हतं. जोत्याचे दगड होते आणि त्यात निवडुंग वाढलेला. आजी-आजोबा देवजीच्या मागोमाग दोन-तीन वर्षांत गेलेले. घरामागे आईने मला नेलं आणि थांबली.

तो दरा होता. माघाचे दिवस, पाणी आटलेलं. मोठाले गोटे, त्यांच्यामध्ये एक-दोन डबकी, त्यात पानं कुजलेली. पलीकडचा काठ इतका जवळ होता की तिथल्या झाडावरचे मुंगळे दिसत होते. धाव घेतली असती तर मी दगडावरून दगडावर उडी मारत चार ढांगांत पलीकडे गेले असते. आई एका गोट्यावर बसली आणि पायापाशी बघत राहिली. मग बोलायला लागली. माझ्याशी बोलत होती असं मला वाटलं नाही.

लग्नाचं ते पहिलं वर्ष. आमच्यात नव्या मुलीला पंचमीच्या सणाला माहेरी न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. श्रावण लागला, वाडीतल्या दुसऱ्या दोन नव्या सुनांचे मुराळी पावसातून वर येऊन त्यांना घेऊनही गेले. देवजी आला नाही. पाऊस फार होता. विहिरीवर, खाचरात, बायका तिला विचारायच्या, काय गं खालचे, तुझा भाऊ वाट विसरला का. आई सतरा-अठराची. तिला ते सहन झालं नाही. मीठ घेऊन वर आलेला एक माणूस परत खाली निघाला होता, त्याच्याकडे तिने निरोप दिला. निरोप काय होता ते तिने मला शब्दाला शब्द सांगितलं.

"पंचमीला न्हाई आला तर माजं तोंड बगू नगं, म्हनलं."

निरोप संध्याकाळी पोचला. सकाळी दऱ्याला पाणी दोन्ही काठ भरून होतं. आईबाप नको म्हणत होते, दोन दिवस थांब म्हणत होते. तो हसला म्हणे, आणि म्हणाला की बहीण रुसलीय, आता थांबून चालणार नाही. घोंगडी डोक्यावर घेतली आणि उतरला. घाटाची पावसाळी वाट दऱ्याच्या पलीकडून सुटते; आम्ही उतरलो ती कोरड्या दिवसांतली वाट अलीकडच्या काठाने येते. वर आई पंचमीच्या दिवशी नवं लुगडं नेसून कड्यावर उभी होती. तीन दिवस रोज उभी राहिली. चौथ्या दिवशी तो मीठवालाच वर आला.

मी तिच्या शेजारी बसले. मी म्हटलं ते फार खुळ्यासारखं होतं. मी म्हटलं की आई, मी हे सगळं नीट लिहीन, जसं झालं तसं. ती एकदम माझ्याकडे वळली. तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं.

"न्हाई. तू लिव्हलंय तसंच राहू दे." मग पकड जरा सैल करून म्हणाली, "तुझ्या कागदात तो मासं धरायला गेला. माझ्यापायी न्हाई गेला. तसंच राहू दे, बाय."

आम्ही वर चढलो तेव्हा ती दमली होती, मध्ये दोनदा बसली. मी मंचरला परत गेले आणि सरांना सांगितलं की निबंध आहे तसाच छापा. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कारण विचारलं. मी सांगितलं नाही. ते माझ्यावर नाराज झाले हे मला दिसलं, आणि पुढची दोन वर्षं ते माझ्याशी सभ्यपणे पण तुटकच वागले. त्यांचं बरोबर होतं. भूगोलात समुद्र डोंगराच्या पायथ्याशी आणून ठेवता येत नाही. अंक छापून आला. देवजीचं नाव कागदावर चढलं, होडीसकट.

हे आता मी का लिहिते आहे, तिने नको म्हटलेलं? दादा गेले, सर गेले, शैला गेल्या वर्षी गेली. दऱ्याच्या तोंडाला आता छोटा पूल झालाय, जीप जाते. खरं माहीत असणारी मी एकटीच राहिले आहे. कधी वाटतं लिहिणं म्हणजे तिचं मनगट झटकून टाकणं. कधी वाटतं जो माणूस बहीण रुसली म्हणून भरल्या दऱ्यात उतरला, त्याला कायमचं मासेमारीला पाठवून देणं हाही अन्यायच. मला यातलं कुठलं बरोबर ते ठरवता आलेलं नाही. दोन्ही इथे ठेवते आहे.

आईला वाचता येत नव्हतं. तो अंक तिने पेटीत ठेवला, आणि दरवर्षी पंचमीला मी घरी असले की बाहेर काढायची. मी वाचायचे, ती ऐकायची. खाड्या आणि मिठागरं तिला नको असत. थेट देवजीपासून. होडी, शीड, लाटा. आधी ती नुसती ऐकायची. काही वर्षांनी मध्येच विचारायला लागली. होडी लाकडाची असते का. शिडाला कापड कुठलं लावतात. मी पुस्तकं बघून उत्तरं आणायचे. माझ्या मुलांना ती सांगायची की माझा भाऊ समिंदरात गेला, आणि सांगताना तिचा आवाज कापत नसे. मी तिला एकदा किनाऱ्यावर नेते म्हटलं होतं. ती नको म्हणाली. बघितलं की मग ते तेवढंच राहील, म्हणाली.

शेवटच्या वर्षी तिला मी माझ्याकडे आणलं होतं. पंचमीचा दिवस, दुपारची वेळ. ती अंथरुणावर होती, दिसणं जवळजवळ गेलेलं. मी अंक उघडला, पण पानं फाटून सुटी झाली होती आणि मला ते आता वाचायची गरजही नव्हती. मी म्हणत गेले. ती डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली. मी थांबले तेव्हा तिने विचारलं, "होडीत एकलाच व्हता का गं तो?"

मी अंक खाली ठेवला.

"नाही आई," मी म्हटलं. "दोघं जण होते त्याच्याबरोबर. आजोळचेच. त्याच्या ओळखीचे."

"बरं झालं," ती म्हणाली.